हरणापर्यंत पोचण्याची विद्या



हरीण आणि धनुष्य ही जोडी आपल्याला परकी नाही. 'शाकुंतला'चा पडदा उघडतो तोच रथावर उभा राहून धनुष्य ओढलेल्या दुष्यंतावर, आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरणावर. रामायणातला सगळा अनर्थ एका हरणामागे जाण्यातून ओढवतो. ही चित्रे लहानपणापासून डोळ्यांपुढे असल्यामुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे. शिकार म्हणजे पाठलाग, धूळ, धावपळ, आणि शेवटी वीराने साधलेला नेम! मला आज सांगायचे आहे ते याच्या अगदी उलट आहे. धनुष्याने हरीण मारणारा जाणता शिकारी हरणामागे धावत नाही, आणि पळत्या हरणावर सहसा बाणही सोडत नाही. त्याच्या कामातले रुपयातले पंधरा आणे हरणाच्या जवळ पोचण्यात खर्च होतात. बाणाच्या वाट्याला राहतो तो एक आणा.

मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, सभा आणि मोर्चे यांतून उरलेल्या वेळात. मी शिकारी नाही, आणि मला शिकारीचा शौकही नाही. मग हा विषय का घेतला? तर माणसाच्या हातातले कसब ही गोष्ट मला नेहमी ओढून नेते. मला संघटनेचे धडे दिलेल्या पिढीत गिरणीतले विणकर होते. शंभर माग खडखडत असताना आपल्या मागाचा बिघडलेला आवाज त्यांना पाठमोरे असतानाही कळे. शिकलेली माणसे याला 'सवय' म्हणतात आणि पुढे जातात. रानातल्या माणसाचे असेच कसब दिसले की त्याला 'उपजत बुद्धी' म्हणतात. हे दोन्ही शब्द मला खटकतात. म्हणून आज आपण एकाच माणसाची शिकार बारकाईने पाहू. हा माणूस कॅलिफोर्नियाच्या डोंगरातला. त्याला जग इशी या नावाने ओळखते. त्याची शिकारीची रीत एका डॉक्टराने शेजारी बसून, विचारून, स्वतः करून पाहून लिहून ठेवली. इतकी तपशीलवार नोंद फार थोड्या शिकाऱ्यांच्या नशिबी आली असेल.

पण त्याआधी हरणाची बाजू समजून घेतली पाहिजे. एका पक्षाचेच म्हणणे ऐकून निवाडा होत नाही.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला पुढचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. तांबडा रंग त्याला नीट कळत नाही. म्हणूनच अमेरिकेतले बंदूकवाले शिकारी एकमेकांच्या गोळ्या चुकवण्यासाठी भडक नारिंगी जाकिटे घालतात आणि हरणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण हालचाल? हात कानाकडे नेलात तरी त्याला दिसते. त्याचे कान वेगवेगळे फिरतात, एक पुढे आणि एक मागे. आणि या दोन्हींच्या वर त्याचे नाक. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल हरीण क्षणभर साशंक राहील, टक लावून पाहील, पाय आपटून पाहील. नाकाने सांगितलेल्या गोष्टीबद्दल ते शंका घेत नाही. माणसाचा वास आला की ते गेले.

आता थोडे गणित करू. साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे सव्वाशे ते दीडशे फूट जातो. हरीण वीस वार, म्हणजे साठ फुटांवर उभे आहे असे धरा. दीडशेचा वेग घेतला तरी बाणाला तिथे पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात. पण दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास धावतो. तो सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या सुमारास हरणाच्या कानात असतो. म्हणजे बाण येण्याच्या आधी हरणाला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद मिळतो. एवढ्या वेळात ते उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसकण मारते आणि बाण पाठीवरून निघून जातो. अंतर चाळीस वार केले तर हा अवधी दुप्पट होतो. नेम कितीही पक्का असला तरी हे गणित बदलत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे अंतर कमी करणे, आणि हरीण निर्धास्त असताना बाण सोडणे. सगळी विद्या इथे येऊन ठेपते.

आता इशीकडे येऊ. उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या पूर्वेला लावाच्या खडकांचा, खोल दऱ्यांचा प्रदेश आहे. तिथल्या मिल क्रीक आणि डीअर क्रीक या ओढ्यांच्या काठी याही नावाची एक छोटी जमात राहत असे. अंदाज असा, की ती कधी चारशेच्या आसपासच होती. सॅमन मासा, ओकच्या झाडाची फळे आणि हरीण यांवर त्यांचा संसार चाले. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्या वर्षापासून माणसांचा लोंढा आला. खाणींच्या गाळाने नद्या भरल्या, मासे गेले. गुरे आणि डुकरे रानात सोडली गेली. ओकची फळे त्यांनी खाल्ली. भुकेल्या लोकांनी गाय-बैल मारला, की गोरे मळेवाले आणि गुराखी टोळ्या करून त्यांच्यावर चालून जात. १८६५ च्या सुमारापासून एकामागून एक कत्तली झाल्या. उरलेली मूठभर माणसे दऱ्यांत दडली आणि जवळजवळ चाळीस वर्षे दडून राहिली.

या दडून राहण्यात धनुष्याची कामगिरी फार मोठी आहे. बंदुकीचा बार दरीभर घुमतो. धनुष्याचा आवाज पन्नास पावलांपलीकडे जात नाही. हरीण मिळवायचे, पण आपण आहोत हे कोणाला कळू द्यायचे नाही, अशी ज्यांची अवस्था, त्यांना धनुष्याशिवाय दुसरे हत्यार नव्हते. दुष्यंताची शिकार हा राजाचा खेळ होता. इथे शिकार म्हणजे आजचे जेवण, आणि आवाज म्हणजे मरण.

१९०८ मध्ये एका वीज कंपनीचे मोजणीदार त्या दरीत शिरले आणि त्यांना या लोकांचा लपलेला मुक्काम सापडला. माणसे पळाली, एक म्हातारी बाई तेवढी राहिली होती. मोजणीदारांनी तिला काही इजा केली नाही, पण जाताना धनुष्ये, बाण, पांघरुणे, भांडी, सारे आठवण म्हणून उचलून नेले. हत्यारे आणि पांघरुणे हिरावून माणसाला हिवाळ्याच्या तोंडी सोडून देणे, याला इजा म्हणायचे की नाही, हे आपणच ठरवा. त्यानंतर तीन वर्षांत त्या घरातला एकच माणूस उरला. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याच्या आवारात तो सापडला, उपाशी, एकटा, वयाने पन्नाशीच्या आसपासचा. त्याला कोणाचीच भाषा येईना, म्हणून तुरुंगात ठेवला. विद्यापीठातून वॉटरमन नावाचे मानववंशशास्त्रज्ञ शेजारच्या जमातीच्या भाषेतले शब्द लिहून घेऊन आले आणि एकेक शब्द वाचू लागले. ते 'सिविनी' म्हणाले आणि खाटेच्या लाकडावर बोट ठेवले. सिविनी म्हणजे पाइनचे लाकूड. त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याने आपले खरे नाव मात्र कधीच सांगितले नाही. आपल्या तोंडाने आपले नाव घेण्याची रीत त्याच्या लोकांत नव्हती आणि ते घेणारे दुसरे कोणी उरले नव्हते. क्रोबर या प्राध्यापकांनी त्याला इशी म्हटले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात तो राहिला. तिथे त्याला सफाई कामगाराच्या मदतनिसाची नोकरी दिली होती, पगार महिना २५ डॉलर. रविवारी लोक जमत आणि तो त्यांना बाणाची पाती करून दाखवी. हजेरीपटावर मदतनीस, आणि काम उस्तादाचे! अशी नेमणूक माझ्या परिचयाची आहे. शेजारीच विद्यापीठाचे रुग्णालय होते. तिथे १९१२ मध्ये सॅक्स्टन पोप नावाचे शल्यवैद्य आले. ते इशीचे डॉक्टर झाले, मित्र झाले आणि मग शिष्य झाले.

पोप यांनी जे पाहिले त्यात पहिली गोष्ट हत्याराची. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, साडेतीन-चार फुटांचे, पूर्ण ओढायला चाळीस-पंचेचाळीस पौंड जोर लागणारे. लाकडाच्या पाठीवर तो हरणाच्या पायातले, पाठीतले तंतू सोलून, चावून मऊ करून चिकटवी. सरस केलेला असे सॅमनच्या कातड्याचा. वाळल्यावर हे तंतू आखडतात आणि लाकडाला मोडू देत नाहीत. दोरीही हरणाच्या तंतूंचीच. बाण हेझलच्या सरळ काड्यांचे, निखाऱ्यावर ऊब देऊन हाताने सरळ केलेले; मोठ्या शिकारीच्या बाणाला पुढे जड लाकडाचा वेगळा तुकडा जोडलेला. टोकाला ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेचे पाते, आणि ते पाते घडवण्याचे अवजार हरणाच्या शिंगाचे. म्हणजे हरीण मारण्याची निम्मी सामग्री आधीच्या हरणाने पुरवलेली. गोऱ्या लोकांनी फेकलेल्या बाटल्यांची काचही तो वापरी आणि तिचीही तितकीच धारदार पाती करी. पोप यांनी पुढे प्रयोग करून पाहिले, तेव्हा ही दगडी काच मांसात पोलादी पात्याला हार जात नाही, उलट सरस ठरते, असे त्यांना आढळले.

धनुष्याशी त्याचे वागणे ऐकण्यासारखे आहे. काम झाले की तो दोरी उतरवी आणि धनुष्य आडवे ठेवी. उभे ठेवलेले धनुष्य काम करतच राहते, त्याला घाम येतो आणि ते दुबळे होते, असे तो सांगे. आमच्या कारखान्यांत हत्याराच्या विश्रांतीचा विचार इतक्या आपुलकीने झालेला मी पाहिलेला नाही. माणसाच्या विश्रांतीचा तर सोडाच. धनुष्याचे एक टोक तोंडाच्या कोपऱ्याशी धरून बाणाने दोरीवर हलके ठोके दिले की त्यातून सूर निघत. तेही तो वाजवी.

आणि दोरी ओढण्याची त्याची पद्धत! युरोपातले तिरंदाज पहिली तीन बोटे दोरीला लावतात. इशी अंगठ्याने ओढी. अंगठा दोरीत अडकवून त्याच्या नखावर मधले बोट टेकवी. मंगोल, तुर्क आणि आपल्याकडचे मोगल यांची पद्धतही अंगठ्याचीच. ते अंगठ्यात जेड दगडाच्या किंवा हाडाच्या अंगठ्या घालत, आणि त्या अंगठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. हे वाचल्यावर एकलव्याची गोष्ट मला नव्याने समजली. द्रोणाचार्यांनी अंगठाच का मागितला, करंगळी का नाही? कारण अंगठ्याने ओढणाऱ्याचा अंगठा गेला की सगळी विद्या गेली. इशी आणि पोप यांच्या गोष्टीत मात्र बाजू उलटल्या आहेत. इथे गुरू रानातला आहे आणि शिष्य विद्यापीठातला.

१९१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला इशी, क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा मुलगा अशी मंडळी डीअर क्रीकच्या दरीत मुक्कामाला गेली. इशी प्रथम नाखूश होता. मेलेल्या माणसांच्या प्रदेशात परत कोणाला जावेसे वाटेल? पण तिथे गेल्यावर त्याने सगळे दाखवले.

शिकारीची तयारी आदल्या दिवशी सुरू होई. त्या दिवशी मासे खायचे नाहीत आणि तंबाखू ओढायची नाही, कारण या दोन्हींचा वास अंगाला राहतो. पहाटे उठून ओढ्यात आंघोळ, अंगाला सुवासिक पाला चोळणे, तोंड धुणे आणि न्याहरीला सुट्टी. आमच्याकडच्या एखाद्या कडक व्रतासारखेच हे वाटते. व्रताचा भाव त्यात होताही. पण मघाशी हरणाच्या नाकाबद्दल जे सांगितले ते आठवा, म्हणजे त्यातला प्रत्येक नियम कशासाठी आहे हे समजेल. मग वारा पाहायचा. डोंगरात वाऱ्याची एक दिनचर्या असते. सकाळी ऊन चढू लागले की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार झाली की खाली ओघळते. ज्याला हे ठाऊक नाही तो ओढ्याच्या काठाने सकाळी वर चढत जातो आणि त्याचा वास त्याच्या आधी वरच्या हरणांना भेटतो.

हरणांच्या वाटा ठरलेल्या असतात. अशा वाटांच्या कडेला दगड रचून आडोसे केलेले असत, आणि शिकारी त्यामागे तासन्‌तास बसून राही. इशीची दुसरी युक्ती याहून नामी. हरणाचे पेंढा भरलेले मुंडके तो जवळ बाळगी. ते स्वतःच्या डोक्यावर ठेवून झुडपाआड बसे आणि चरणाऱ्या हरणासारखे हळूच खालीवर करी. हरणाला कुतूहल असते. 'हा कोण नवा?' म्हणून ते दोन पावले पुढे येते, थांबते, पुन्हा येते. शिकारी जागचा हलत नाही. हरीण स्वतः अंतर कापत येते. कोवळे पान दुमडून ओठांत धरून तो पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढी, तेव्हा माद्या येत. हा भाग मला वाचताना जड गेला. आईची माया हे फासेपारध्याचे साधन होते, हे सुखाने ऐकण्यासारखे नाही. पण भुकेच्या पोटी शिकारीची नीती आणि भरल्या पोटी शिकारीची नीती एकाच तराजूत घालू नये, असे माझे मत आहे.

तो उकिडवा बसून, धनुष्य तिरपे धरून बाण सोडी, म्हणजे झुडपाबाहेर फार काही दिसू नये. गंमत अशी, की शहरातल्या तिरंदाजांच्या मोठ्या रंगीत निशाणावर, लांब अंतरावरून, इशीचा नेम साधारणच ठरे. दहा-वीस वारांवर चिमण्या-लाव्यांएवढे लक्ष्य असले की मात्र चुकत नसे. इतक्या लांबून बाण मारायचाच कशाला, हे त्याला कळत नसे. आपले अर्धे काम त्या लोकांनी करायचेच सोडले आहे असेच त्याला वाटत असणार!

आता बाण लागल्यावर काय होते ते सांगतो. बंदुकीची गोळी धक्क्याने आणि मोडतोडीने मारते. बाण कापतो, हरीण रक्त जाऊन मरते. म्हणून बाण लागायला हवा तो खांद्याच्या मागे, छातीच्या पोकळीत, जिथे फुप्फुसे आणि हृदय आहे. हरीण आडवे उभे असेल किंवा किंचित पाठमोरे वळलेले असेल तरच हा मार्ग मोकळा असतो. समोरासमोर उभे असेल तर हाडे आड येतात, आणि जाणता शिकारी बाण न सोडता बसून राहतो. नेमका लागला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही. ते पळते, शे-दीडशे पावलांवर थांबते, आडवे होते. अशा वेळी मागे धावणारा शिकारी सगळे घालवतो, कारण पाठलाग जाणवला की जखमी हरीणही मैलभर जाते. अर्धा तास बसायचे, मगच माग काढायचा. मागावरचे रक्त वाचायचे असते. फिकट तांबडे, फेसाळ असेल तर फुप्फुसाचे. गडद, काळपट असेल तर काळजाचे. त्यात हिरवट कण असतील तर बाण पोटात गेला. मग अर्ध्या तासाऐवजी कित्येक तास थांबावे लागते. ते जनावर हाल होऊन मरते, आणि चांगल्या शिकाऱ्याला याचीच सर्वांत जास्त शरम वाटते.

रक्ताचा माग काढणे ही विद्या दोन्ही बाजूंना येत होती, हे इथेच सांगितले पाहिजे. १८७१ मध्ये चार गोऱ्या गुराख्यांना रानात रक्ताचा माग दिसला. याहींनी त्यांचा एक बैल बाणाने जखमी केला होता. दुसऱ्या दिवशी कुत्री घेऊन ते त्या मागावर गेले आणि एका गुहेपाशी पोचले. गुहेत तीसएक माणसे होती, त्यांत बायका आणि तान्ही मुले. चौघांनी सर्वांना गोळ्या घातल्या.

पोप यांनी इशीकडून घेतलेली विद्या पुढे एका वेगळ्याच रस्त्याने गेली. इशीच्या पश्चात त्यांनी आर्थर यंग या मित्राबरोबर इंग्रजी धाटणीच्या लांब यू धनुष्याने हरणेच काय, अस्वलेही मारली. पुढे आफ्रिकेत सिंहांच्या मागे गेले. १९२३ मध्ये त्यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक निघाले. १९२६ मध्ये पोप वारले. पण त्या पुस्तकाने अमेरिकेत एक शौक जागा केला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम ठेवला, आणि आज जवळजवळ सगळ्या राज्यांत असा हंगाम असतो. १९६० नंतरच्या दशकात ॲलन नावाच्या गृहस्थाने कप्पी लावलेले धनुष्य काढले. १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. यात ओढ पूर्ण झाली की जोर एकदम कमी होतो, त्यामुळे ते बराच वेळ ओढून धरता येते. बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो. शिकारी जमिनीवर न बसता झाडाला मचाण बांधून पंधरा-वीस फुटांवर बसतो. म्हणजे हरणाचे डोळे आणि नाक दोन्ही बरेचसे चुकतात. तरी वीस वारांवर आवाज बाणाच्या आधीच पोचतो! गणित थोडे शिकाऱ्याच्या बाजूला झुकले आहे, इतकेच.

यात एक चांगली गोष्ट झाली ती नाकारू नये. १९०० च्या सुमारास अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणे बाजारासाठी मारून मारून पाच लाखांच्या आत आली होती. मांसाच्या व्यापारावर बंदी आली, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी बाजूला काढला गेला. १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्यात आले. आज त्या हरणांची संख्या कोटींत आहे, आणि कित्येक उपनगरांत ती बागा खातात म्हणून लोकच शिकाऱ्यांना बोलावतात. ब्रिटनने, म्हणजे रॉबिन हूडच्या देशाने, मात्र उलट निवाडा केला. तिथे बाणाने हरीण मारणे कायद्याने बंद आहे, कारण जखमी होऊन निसटणाऱ्या जनावराचे हाल. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते.

आपल्याकडचा प्रश्न निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार बंद आहे. हत्यार बंदूक असो की धनुष्य, फरक नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जमिनीचे, गौण वनोपजाचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. आपली जंगले उरलीत किती हे पाहता ती बंदी मला योग्य वाटते. मात्र ती ऐकताना एक गोष्ट विसरू नये. जंगल रिकामे केले ते धनुष्यवाल्याने नव्हे. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारी, बंदुका, रेल्वेच्या स्लीपरांसाठी झालेली तोड, यांनी ते काम केले. आणि नियम आला तेव्हा तो सर्वांना सारखा लागू झाला.

इशीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. शहरात तो चार वर्षे आणि काही महिने जगला. तिथे त्याला क्षय झाला, आणि २५ मार्च १९१६ रोजी तो पोप यांच्या रुग्णालयात वारला. प्रेत फाडण्याची त्याला किळस होती. रुग्णालयातली ती खोली त्याने एकदा पाहिली होती, आणि प्रेत जाळावे असेच त्याचे म्हणणे असे. क्रोबर त्या वेळी दूर होते. शवविच्छेदन होऊ देऊ नका, असे त्यांनी कडक शब्दांत पत्र लिहिले. ते पोचेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. मेंदू काढून ठेवला होता. बाकीच्या देहाचे दहन झाले. सोबत त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शंखमण्यांची पेटी, थोडी तंबाखू आणि काचेची काही पाती ठेवली होती. पुढच्या वर्षी तो मेंदू क्रोबर यांनीच वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला, आणि ऐंशीहून अधिक वर्षे तो तिथे होता. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी त्याचा शोध घेतला, मागणी लावून धरली, आणि ऑगस्ट २००० मध्ये तो त्याच्या नातलग जमातींच्या प्रतिनिधींच्या हाती देण्यात आला. अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्यांनी त्याच्याच प्रदेशात पुरले. जागा कुठली ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

त्या दऱ्यांचा ४१ हजार एकरांचा भाग १९८४ मध्ये 'इशी' याच नावाने राखीव रान म्हणून जाहीर झाला आहे. थंडी पडली की वरच्या डोंगरातून काळ्या शेपटीच्या हरणांचे कळप अजून तिथे उतरतात.